कोल्हापूरची रात्र : कुठं, कधी आणि कुणाची?

तिकटी :

बदली होऊन कोल्हापुरात आलेल्या माणसाचा एक प्रश्न ठरलेला असतो, "इथं रात्री करायचं काय?" त्याला पब हवा असतो, उशिरापर्यंत चालणारं एखादं गाण्याबजावण्याचं ठिकाण हवं असतं. ते सापडलं नाही की 'कोल्हापूर नऊला झोपतं' असा शिक्का मारून तो मोकळा होतो. माझं सगळं आयुष्य मिरजकर तिकटीच्या आसपास गेलं आणि मला हे अजिबात पटत नाही. आमची रात्र भरपूर जागती आहे. ती रस्त्यावर असते, घाटावर असते, देवळाच्या आवारात आणि तालमीच्या कट्ट्यावर असते, आणि बहुतेक वेळा तिला तिकीट नसतं. म्हणून बाहेरच्याला ती दिसत नाही. पण तिच्यात काही मोठी भोकंही पडली आहेत, त्याबद्दलही बोलायचंय, म्हणून हा धागा.

आधी सणवार नसलेली साधी रात्र घेऊ. गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. अंधार पडायला लागला की म्हशी रस्त्याकडेला येऊन उभ्या राहतात. गवळी तिथंच तुमच्यासमोर धार काढतो आणि दूध ग्लासात ओततो. वर बोटभर फेस, दूध कोमट, चुलीवर न चढलेलं. तालमीतनं मेहनत करून आलेला पैलवान मोठा ग्लास घेतो, शेजारी दुकान बंद करून आलेला सराफ, त्याच्या पलीकडं लेकाला खांद्यावर घेऊन आलेला बाप. ओठ पुसत पुसत तिथं गावाचं राजकारण, ऊसदर, फुटबॉल सगळं निघतं. दारूशिवाय माणसं रात्री उभ्याउभ्या तासभर गप्पा मारतात अशी जागा मला दुसऱ्या शहरात फारशी दिसलेली नाही.

शुक्रवार असेल तर अंबाबाईच्या देवळात पालखी. त्या रात्री आवारात उभं राहिलं तरी गावातली निम्मी ओळखीची माणसं भेटतात. खासबागेला खाऊगल्लीत भेळ, नाहीतर कटवडा. रंकाळ्यावर वारा खायला येणारी कुटुंबं, आणि उन्हाळ्यात कॉकटेल आइस्क्रीमच्या दुकानांपुढं उभी राहिलेली गर्दी. अकराच्या सुमाराला हे सगळं ओसरतं, ते मान्य.

आणि वर्षातल्या मोठ्या रात्री वेगळ्याच. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दुसऱ्या दिवशी रात्री अंबाबाईचा रथ निघतो. दुपार कलल्यापासून मुली महाद्वार रोडवर रांगोळ्या घालायला बसलेल्या असतात, आणि काही तासांत तेच रंग हजारो पावलांखाली जातील हे माहीत असूनही एकेक पाकळी कोरत असतात. नवरात्रात अष्टमीच्या रात्री देवी वाहनावर बसून नगरप्रदक्षिणेला बाहेर पडते, गुजरीतनं भवानी मंडपात तुळजाभवानीच्या भेटीला जाते. त्रिपुरी पौर्णिमेला पहाटेच्या अंधारात पंचगंगेच्या घाटावर पणत्या लागतात. आषाढात गल्लोगल्लीची नव्या पाण्याची यात्रा टेंबलाई देवीला निघते, पी ढबाक या पारंपरिक वाजंत्रीच्या तालावर. नदीचं पाणी डोक्यावर घेऊन लोक टेकडीवर जातात, आणि संध्याकाळी गल्लीत एकत्र जेवण.

आता भोक. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी संगीतसूर्यांची, म्हणजे खुद्द केशवरावांची, जयंती होती. तेव्हापासून मला सारखं वाटतं, की रस्त्यावरची रात्र आपल्याकडं शाबूत आहे, पण छपराखालची रात्र गेली. तुमचं काय मत? पाहुणे आले तर रात्री कुठं नेता? काय असायला हवं होतं जे नाही?

रंगपट :

तिकटी, धाग्याबद्दल आभार. केशवरावबद्दल मी लिहितो, कारण माझं तारुण्य तिथल्या विंगेत गेलं.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं. शाहू महाराज 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, त्या प्रवासात रोम पाहून आले. त्यातून खासबागचं कुस्ती मैदान उभं राहिलं, 1912 मध्ये ते पुरं झालं. त्याच्या पाठीला पाठ लावून 1915 मध्ये पॅलेस थिएटर. एकीकडं कुस्ती, एकीकडं नाटक, मधे फक्त भिंत. राजानं ही दोन्ही शेजारी बांधली यात मला त्या माणसाची सगळी दृष्टी दिसते. पैलवान आणि नट, दोघंही त्याला सारखेच लागत होते. पुढं या थिएटरला केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. 1890 मध्ये कोल्हापुरात जन्मलेला आणि 1921 मध्ये ऐन उमेदीत गेलेला हा नट-गायक. 'ललितकलादर्श'सारखी कंपनी उभी केली तेव्हा तो विशीतही नव्हता.

आगीत छप्पर कोसळलं, रंगमंच गेला, दगडी भिंती उभ्या राहिल्या. पुनर्बांधणीचं काम लगेच हाती घेतलं गेलं, ही चांगली गोष्ट. पण नाट्यगृह म्हणजे फक्त इमारत नाही. रात्री साडेनऊच्या प्रयोगाभोवती एक अख्खी साखळी असते. दुपारी कंपनीची गाडी लागते, सेट उतरवणारी पोरं येतात, लाइटवाला शिडीवर चढतो, मेकअपवाला, बुकिंगच्या खिडकीवरचा माणूस, मध्यंतरातला चहा आणि बटाटेवडा, प्रयोग सुटल्यावर बाहेर थांबलेल्या रिक्षा. बाहेरचा प्रयोग इचलकरंजीच्या घोरपडे नाट्यगृहात किंवा सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात लागला की ही साखळी तिकडं जाते. रसिक म्हणाल तर, तीस-पन्नास किलोमीटर गाडी चालवून, रात्री एकला परत येऊन, सकाळी कामावर जाणारी माणसं किती? माझ्या आईवडिलांच्या वयाची तर नाहीतच. नाटकाचा प्रेक्षक मुख्यतः तोच आहे.

आणखी एक. हौशी संस्थांचं यात जास्त नुकसान होतं. 'प्रत्यय'सारख्या संस्थेनं या गावात डॉ. शरद भुताडियांबरोबर जी नाटकं उभी केली, ती पाहून आमच्या पिढीला नाटक म्हणजे काय ते कळलं. अशी नाटकं शाहू स्मारकमध्ये होऊ शकतात, होतातही. पण राज्य नाट्य स्पर्धेत पहिल्यांदा उतरणाऱ्या पोराला त्या मोठ्या रंगमंचावर उभं राहून, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला लागायचा. ते शिक्षण छोट्या हॉलमध्ये मिळत नाही.

पेठेतला :

तिकटी भावा, दूध कट्ट्यावर लिवलंस ते लई भारी. पण फुटबॉल फक्त गप्पांत घातलास, हे काय बरं नाही.

अरे हंगामात शाहू स्टेडियमवर मॅच संपली तरी मॅच संपत नसती. आमच्या तालमी-मंडळांच्याच टीम, पाटाकडील जिंकलं तर एक रात्र, शिवाजी जिंकलं तर दुसरी रात्र. दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल, खंडोबा, फुलेवाडी, जुना बुधवार, परत्येक तालमीपुढं रात्री बाराबारा पातूर गोल कसा झाला, ऑफसाइड हुता का नव्हता, यावर चर्चा. भारताच्या बाकीच्या भागात क्रिकेट, आमच्या पेठांत फुटबॉल. आमच्यातला अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडनं खेळला, तवा अख्ख्या गावानं ती मॅच बघितली.

आणि विश्वचषक आला की बघाच. ब्राझील आणि अर्जेंटिना असं गाव दोन भागांत वाटलं जातं. गल्लीच्या तोंडाला झेंडे, मेस्सी-नेमारचे कटआउट, चौकात पडदा. 18 डिसेंबर 2022 ला फायनल पेनल्टीवर गेली तवा रस्त्यावर माणूस मावत नव्हतं आणि शेवटचा गोल झाल्यावर फटाके असे वाजले की दिवाळी परत आली. त्या रात्री कुणी तिकीट काढलं नव्हतं. म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसलेली, बारकी पोरं पुढं रस्त्यावर मांडी घालून. ही माझी नाइटलाइफ, आणि मला ती जगातल्या कुठल्याबी शहराशी बदलायची नाही.

पाहुणा आला की मी त्याला आधी तालमीत न्हेतो. पैलवान पोरं थंडाई वाटत असतात, त्यातली वाटीभर त्याला पाजतो. मग तांबडा-पांढरा. मग गंगावेस.

षड्ज :

रंगपट यांच्या प्रतिसादाला जोडून संगीताबद्दल.

ज्या गावात उस्ताद अल्लादिया खाँसाहेब दरबारगायक होते, भूर्जी खाँसाहेब राहिले, जयपूर-अत्रौली घराणं फुललं, त्या गावात आज रात्रीचा राग ऐकायला मिळणं अवघड झालंय. हे मी तक्रार म्हणून नाही, तर कारण समजून घ्यावं म्हणून लिहितोय. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सरकार वर्षातले काही दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, जास्तीत जास्त पंधरा दिवस, आणि ते बहुतेक गणपती-नवरात्राकडं जातात. मंडपातली मैफल म्हणून सहाला सुरू होते आणि पूरिया-यमनातून बाहेर पडून बागेश्रीपर्यंत पोचेतो आयोजक घड्याळ दाखवायला लागतो. मालकंस, दरबारी, अडाणा यांची वेळच येत नाही.

पण त्याच नियमात बंदिस्त सभागृहाला मुभा आहे. म्हणजे रात्रीचं गाणं या गावात टिकवायचं असेल तर चांगला बंद हॉल लागतो, दुसरा मार्ग नाही. म्हणून केशवरावचं जळणं मला फक्त नाटकवाल्यांचं दुःख वाटत नाही.

उरतं ते देवल क्लबसारखं ठिकाण. शंभर वर्षांहून जुनी ही संस्था, तिथं खाली बसून, गायकापासून हातभर अंतरावर ऐकता येतं. तबलजीनं हातोडीनं गट्टा ठोकून स्वर मिळवला की तो आवाज आधी भिंतीवर जातो आणि मग आपल्यापर्यंत येतो. तानपुऱ्याच्या जवारीतला दोरा जरासा सरकवला की खोलीचा रंग बदलतो. हे मोठ्या मंडपात स्पीकरमधून कधीच कळत नाही. माझी विनंती एवढीच, की पाहुणा आला तर त्याला एकदा इथल्या बैठकीला न्या. आणि घरातल्या दहावी-बारावीच्या मुलांनाही न्या. श्रोते विशीतले असले की गायकसुद्धा वेगळा गातो.

मांडवीपार :

गोव्याहून लिहितेय. षड्ज यांनी ज्या घराण्याचं नाव घेतलं त्याच्या दोन मोठ्या गायिका आमच्या गोव्याच्या, केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई. दोघीही अल्लादिया खाँसाहेबांकडं शिकल्या. त्यामुळे कोल्हापूर आमच्याकडं परकं नाही.

गोव्याची रात्र म्हटलं की बाहेरच्यांना कॅसिनो आणि किनारा एवढंच दिसतं. पण आमच्या गावांत जत्रेच्या रात्री देवळापुढं आजही मराठी नाटक लागतं, गावकरीच नट असतात, मध्यरात्र उलटून जाते आणि बायका मुलांना मांडीवर झोपवून शेवटपर्यंत बसतात. तिकटींनी जे लिहिलं ते मला म्हणूनच ओळखीचं वाटलं. पर्यटकांसाठीची रात्र आणि गावाची रात्र वेगळी असते. गावाची रात्र सांभाळायला गावातलीच माणसं लागतात.

सातवी गल्ली :

सगळे प्रतिसाद वाचले. आवडले. पण वाचताना एक गोष्ट सारखी टोचत राहिली, ती लिहिते.

दूध कट्टा, तालीम, चौकातला पडदा, रस्सा मंडळ. यात बायका कुठं आहेत? रस्सा मंडळाचं नाव अजून कुणी काढलं नाही, म्हणून सांगते. कोल्हापुरातल्या पुरुषांची खरी रात्र तिथं असते. दहा-पंधरा मित्र कुणाच्या तरी शेतावर जमतात, स्वतः मटण शिजवतात, रश्श्याची चव बघत बघत दोन वाजवतात. माझे वडील, काका, भाऊ सगळे जातात. घरी आल्यावर रस्सा कसा झाला होता याची वर्णनं आम्ही ऐकतो. माझ्या आईनं आयुष्यात एकदाही घराबाहेर असं रात्री मैत्रिणींबरोबर जेवण केलेलं नाही. तिला स्वयंपाक येत नाही असं कुणी म्हणणार नाही ना?

मी पुण्यात नोकरी करून परत आलेय. मला पब नको आहे. मला रात्री दहाला रंकाळ्यावर मैत्रिणीबरोबर कठड्यावर बसून बोलायचंय, तेवढंच. पण सव्वानऊलाच फोन सुरू होतात. घरच्यांना दोष देत नाही, कारण साडेनऊनंतर तिथं बायका दिसेनाशा होतात आणि मग जी एखादी असते तिच्याकडं सगळे बघतात. जवळपास स्वच्छ, उजेडात असलेलं बायकांचं स्वच्छतागृह नाही. परत जायला बस नाही, रिक्षावाला मीटर सोडून आकडा सांगतो.

आणि याच गावात नवरात्र बघा. पहाटे तीनला बायका अनवाणी, एकट्यादुकट्या अंबाबाईला निघालेल्या असतात. नवदुर्गांची देवळं पायी फिरतात. अष्टमीला मध्यरात्री महाद्वार रोडवर पुरुषांपेक्षा बायका जास्त असतात. कुणी विचारत नाही, कुणी वळून बघत नाही, कुणाच्या आईचा फोन येत नाही. रस्ते तेच, माणसं तीच. म्हणजे हे गाव बायकांना रात्री सुरक्षित ठेवू शकतं, हे गावानंच दरवर्षी सिद्ध करून दाखवलंय. नऊ रात्री जमतं तर बाकीच्या रात्री का जमू नये, हा माझा प्रश्न आहे आणि मला त्याचं उत्तर हवंय.

तिकटी :

सातवी गल्ली, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्यानं वाचून दाखवला. बायको म्हणाली, "हेच मी सांगत होते." नाटकाला मात्र ती नेहमी यायची, शेजारणींना घेऊन. केशवरावला रात्री साडेनऊच्या प्रयोगाला चारचौघी मिळून जायच्या, साडेबाराला परत यायच्या, आणि ते कुणालाच वावगं वाटायचं नाही. गावात सण सोडून बायकांना रात्री हक्कानं बाहेर पडायला जी एक जागा होती ती बहुधा नाट्यगृहच. टॉकीजही होत्या. उमा टॉकीज, पार्वती, पद्मा ही नावं आता पत्ते सांगायलाच जास्त वापरली जातात, आणि व्हीनस कॉर्नरला उभं राहणाऱ्या पोरांना तिथं टॉकीज होतं हेही माहीत नसतं. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, ज्या गावात 1929 मध्ये 'प्रभात' जन्मली, तिथली ही गत.

दफ्तर :

कायद्याचा एक मुद्दा, कारण 'अकराला सगळं बंद' हे नशीब असल्यासारखं बोललं जातं.

महाराष्ट्रात 2017 चा दुकाने व आस्थापना अधिनियम आल्यापासून दारू न विकणारी दुकानं, उपाहारगृहं चोवीस तास उघडी ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. परमिट रूम, बार यांच्या वेळा वेगळ्या ठरलेल्या आहेत. 2025 च्या ऑक्टोबरात सरकारनं हे पुन्हा स्पष्ट केलं, कारण ठिकठिकाणी रात्री दुकानं बंद करायला लावल्याच्या तक्रारी होत्या. म्हणजे रात्री दोनला चहा, मिसळ, पुस्तकं विकायला कायदा आड येत नाही. त्याच कायद्यात बाईला रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तिच्या संमतीनं काम देता येतं, पण मालकानं तिच्या सुरक्षेची आणि घरी पोचवण्याची सोय करायला हवी. सातवी गल्ली यांच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. दुकानाच्या आत, गल्ल्यावर बायका असतील तर बाहेरच्या रस्त्यावरही बायका दिसतात.

अडचण खर्चाची आहे. रात्री तीनला सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्थानकावर, उतरणारा प्रवासी सोडला तर गिऱ्हाईक किती? सीबीएसभोवती टपऱ्या चालतात त्या म्हणूनच. मला वाटतं सुरुवात तिथून आणि देवळाभोवती व्हावी. अंबाबाईला रात्री-बेरात्री भाविक येतच असतात, त्यांना कुठं बसायचं हा प्रश्न असतोच.

महाद्वार :

मी महाद्वार रोडला राहतो. सगळे रात्रीच्या रस्त्याचं कौतुक करताहेत, त्या रस्त्यावर माझी खिडकी आहे.

रथोत्सव, पालखी, अष्टमीचं वाहन, यांचा मला अभिमान आहे. आमच्या दारात रांगोळी असते, येणाऱ्याला पाणी-सरबत देतो. पण अनंत चतुर्दशीला डॉल्बीच्या भिंती येतात तेव्हा कपाटातली भांडी हलतात. घरात हृदयविकाराची आई आहे. तिला दरवर्षी आदल्या दिवशी बहिणीकडं पोचवावं लागतं. स्वतःच्या घरातून, स्वतःच्या गणपतीच्या दिवशी. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. माझ्या खिडकीत मापक धरायचीही गरज नाही, छातीत कळतं. लेसरचे झोत डोळ्यांवर पडून इजा झाल्याच्या तक्रारी आल्या, मग त्यावर प्रशासनानं बंदी घातली. आवाजावरही तसाच धाक हवा.

पेठेतला, तुम्ही तालमीतले आहात. तुमचं मत मला खरंच जाणून घ्यायचंय.

पेठेतला :

काका, आईस्नी जपा. मी मंडळात आहे, तर सरळ सांगतो.

पोरांना डॉल्बी पायजे कारण वर्षभर कारखान्यात, एमआयडीसीत राबल्यावर त्या एका रात्रीत त्यांना मोकळं नाचायचं असतंय. त्यांना दुसरी जागा कुठं हाय? ताराबाई पार्कातल्या कॅफेत एका कॉफीच्या बिलात आमच्याकडं चौघं पोटभर जेवत्यात. पण तुमचं बरोबर हाय. तुमच्या आईला घर सोडाय लागतंय तो गणपती माझा न्हवं. मंडळाच्या बैठकीत मी हे मांडलंय, आणि जुनी माणसं माझ्या बाजूनं हायेत. मानाचा तुकाराम माळी तालमीचा गणपती पुढं पालखीतनं जातोय, मागं ढोल-ताशा, लेझीम, मर्दानी खेळ, पी ढबाक, हे सगळं आपल्याकडं हायच की. आमच्या गल्लीतल्या पोरी लाठीकाठी असल्या फिरवत्यात की बघणाऱ्याचा श्वास अडकतोय. मिरवणुकीत त्यांना पुढं ठेवलं तर डॉल्बी लागणार न्हाई. पण ह्याला सहा म्हयने सराव लागतोय, आणि भाड्यानं आणायला फक्त पैसा लागतोय. अडचण तिथं हाय.

सातवी गल्ली :

पेठेतला, लाठीकाठीच्या त्या मुली सराव कधी करतात? संध्याकाळी तालमीपुढंच ना? मग सरावानंतर त्यांना तिथंच कट्ट्यावर बसू द्या. रात्री नऊला तालमीच्या कट्ट्यावर मुली बसलेल्या दिसल्या तर गल्लीला सवय होईल. मी मनापासून सांगतेय.

आणि दूध कट्ट्यावर आम्ही मैत्रिणी येणार आहोत. तिकटी, तुमच्या बायकोलाही विचारा.

तिकटी :

ती आत्ताच हो म्हणालीय. शुक्रवारी पालखी झाल्यावर तिकडंच येऊ.

पेठेतला :

सातवी गल्ली, कट्ट्याचं मंडळात घालतो. कुणी नाही म्हणालं तर त्याचं नाव इथं लिवतो.

रंगपट :

याच सुरावर एक सूचना. केशवराव पुन्हा उघडेल तेव्हा पहिले काही महिने फक्त मोठ्या व्यावसायिक प्रयोगांना तारखा जातील, असं होऊ नये. आठवड्यातली एक रात्र स्थानिक संस्थांना, एक संगीताला राखून ठेवावी, आणि प्रयोग सुटल्यावर शहराच्या चार दिशांना बस ठेवावी. तिकिटातच बसचे पैसे घ्या, लोक देतील. ही मागणी आत्ताच, काम चालू असताना करायला हवी. नियम एकदा छापले की बदलत नाहीत. कुणी निवेदनाचा मसुदा करणार असेल तर मी सह्या गोळा करतो.

दफ्तर :

मसुदा मी करतो. षड्ज, ध्वनी नियमातला बंदिस्त सभागृहाचा भाग तुम्ही लिहून द्या. बायकांच्या स्वच्छतागृहाचा आणि रंकाळ्यावरच्या दिव्यांचा मुद्दा त्यातच घालू, सातवी गल्ली यांच्या शब्दांत.

मांडवीपार :

त्रिपुरी पौर्णिमेला यायचा विचार आहे. घाटावर किती वाजता पोचावं? सोबत सत्तरीची आई आहे.

तिकटी :

पहाटे चारच्या आधी पोचा, उजाडायच्या आत निघा. गाडी गंगावेशीच्या अलीकडंच कुठंतरी लावा, पुढं गर्दीत अडकते. तिथून शुक्रवार पेठेतनं पायी दहा-पंधरा मिनिटं. आईंना अगदी खालच्या पायऱ्यांवर नेऊ नका, तेलानं निसरडं झालेलं असतं. वरच्या टप्प्यावरून, समाधी मंदिरांच्या बाजूनं सगळा घाट दिसतो. पणत्या आणि तेल तिथं लोक देतातच, तरी घरून काडेपेटी आणा, वाऱ्यानं पणत्या विझतात आणि पुन्हा लावायला प्रत्येकाचे हात लागतात. स्वेटर हवाच. येताना इथं कळवा, आमच्यापैकी कुणीतरी घाटावर असेलच.